वरून आदेश

खेडगावच्या पॅकहाउसात पहाटे साडेपाचला
मी पहिली पेटी तोलते, तेव्हा खुलन्यात सहा वाजलेले असतात.
अर्धा तास पुढे असलेला देश अर्धा तास आधी उठतो,
आणि मोताहारसाहेबांचा फोन माझ्या चहाच्या आधी येतो.
"दीदी, माल कैसा है?"
त्यांचं हिंदी सिनेमातलं, माझं शाळेतलं,
व्याकरण कुणाचंच नाही.
तरी व्यवहार होतो.

मण्याला सोळा मिलिमीटरची रिंग लावायची.
अडकला तो परदेशी, निसटला तो बेदाण्याला.
घडावर गंधकाचा कागद, झाकणावर स्टिकर,
त्यावर देशाचं नाव.
बारा वर्षं मी देशाचं नाव चिकटवते आहे
अंगठ्याने दाबून, कोपरा सुटू नये म्हणून.

आज मात्र अय्यूबचा फोन आधी आला.
मालेगावचा अय्यूब, पेट्रापोलच्या रांगेत सातवा दिवस.
"वैजूताई, पुढे चारशे गाड्या. गेट उघडंच आहे,
पण जात कुणी नाही. रातोरात ड्युटी वाढवली म्हणे.
थंड ठेवायचं डिझेल उद्यापुरतं.
इथल्या पोरांना घड वाटतोय.
एक म्हातारी पदरात घेऊन गेली,
जाईपर्यंत किंमत विचारत होती."

मी टीव्ही लावला.
दोन टेबलं जोडून एक केलेलं, मधे फुलं,
पाण्याच्या बाटल्यांची लेबलं सगळी एका बाजूला.
आर्थिक सहकार्य, म्हणाले. व्यापक, म्हणाले.
मग कुठल्याशा नदीचं पाणी, कुठल्याशा बंदराचा धक्का,
कुणी तिसऱ्याच्या जहाजाला नांगर टाकू दिला,
कुणाची निवडणूक कधी.
द्राक्षाचं नाव आलं नाही.
यायचं कारणही नाही म्हणा.
सोयरीक मोडताना लोक पत्रिकेचं कारण सांगतात,
देण्याघेण्याचं कोण बोलतं?

मग मोताहारसाहेब. आवाज एकदम खाली.
"दीदी, मैं क्या करूँ. ऊपर से ऑर्डर."

आणि मला ते साल आठवलं, कांदा बंद झाला ते.
पिंपळगावहून निघालेल्या आमच्या गाड्या वाटेतूनच वळल्या.
साहेबांची एलसी उघडलेली,
चार आडत्यांना त्यांनी शब्द दिलेला.
ते विचारत होते, पुन्हा पुन्हा,
आणि मी याच खुर्चीत, याच फोनवर,
"साहेब, वरून आदेश."

म्हणजे दोन्हीकडे एकेक वर आहे.
तिथला जिना मी कधी पाहिला नाही,
साहेबांनीही नसावा.

त्या वर्षी ते भांडले नाहीत.
ईदनंतर परतणाऱ्या गाडीत एक जामदानी पाठवली.
सोबतच्या कागदावर लिहिलं होतं:
भेटवस्तू. व्यापारी मूल्य शून्य.
संक्रांतीला नेसले तर बायका पोत चाचपून म्हणतात,
येवल्याची का गं?
मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही,
परराष्ट्र खात्यासारखी नुसती हसते.

अय्यूबला सांगितलं, बनगावात निम्म्या भावात काढ.
साहेबांना काय सांगावं ते सुचेना.
तेही फोन ठेवीनात.
त्यांच्याकडे कुणीतरी शटर उघडत होतं,
माझ्याकडे क्रेट घासत होते फरशीवर,
आणि तेवढंच ऐकत आम्ही थांबलो
काही रुपये, काही टाका.

मग सुगंधा विचारायला आली,
दुपारची गाडी भरायची का?
आदेश कसलाच नव्हता. वरून नाही, खालून नाही.
मी पुढची पेटी काट्यावर ठेवली.
साडेचार किलो.
आणखी एक लहान घड टाकला वर,
वाटेत सुकतं तेवढं.