मॅटला भरून येतं

ये हर्षाली. आधी बांगड्या मागं सार,
ओढणी खोच कमरेला. चप्पल असू दे पायात.
हा कटर हातातून निसटला तर पायावरच येतो,
आणि निसटला तर निसटू दे, झेलायचा नाही.
फुलपात्र पडलं की आपण झेलतो,
पोर धडपडलं की झेलतो,
हाताला सवय असते गं.
ती सवय उंबऱ्याबाहेर ठेवून यायचं.

विट्यात चिंधीला तोटा नाही.
मागच्या गल्लीतले माग रात्रंदिवस खडखडतात,
त्यांच्या कातरणी, आखूड पडलेले तागे
किलोवर येतात आपल्याकडं,
आपण त्यांच्या वाकळा करतो.
पुण्याला त्यांचं नाव बदलतं. किंमतही.

हा कटर भावानं पाठवला, कोइमतूरहून.
गलाईच्या दुकानात असतो तो.
म्हटलं होतं, सोन्याचं काहीतरी पाठव,
तर हे आलं.
पिवळं तेवढं आहे.

कात्री बोलते. करकर करत सांगते, आले, आले.
ही चकती मुकी.
लोण्यातून जावी तशी आठ पदरांतून जाते,
आणि नववा पदर तुझा असला
तरी तिला तो कापडाचाच.

हे बघ. डाव्या हाताचं बोट, नखाची एक बाजू नाही.
दिवाळीची ऑर्डर होती. पट्टी सरकली.
सरकली म्हणजे,
बोट मीच कडेबाहेर ठेवलेलं;
तीन वर्षं सगळ्यांना पट्टी सरकली म्हणूनच सांगितलं.
दुखलं नाही आधी. निळ्या सुतीवर लाल ठिपका उठला,
मला वाटलं, हा कुठला छाप?
शमशादभाभीनं हात धरून वर केला,
स्वच्छ कापड दाबून धरलं, रिक्षात घातलं.
डॉक्टर म्हणाले, तुकडा आणलाय का?
भाभी परत येऊन चिंध्यांच्या ढिगात बसली
अंधार पडेपर्यंत.
नाही सापडला.
कुणाच्या तरी वाकळेत गेला असेल,
कुणाच्या तरी झोपेत.
हस, हस. मीही हसते.
थंडीत मात्र ते बोट
नसलेल्या जागी ठणकतं.

तर पंजा असा, कोळी बसल्यासारखा पट्टीवर.
करंगळी पलीकडं मॅटवर उतरलेली, खुंटीसारखी.
अंगठा आत. अजून आत.
उभं राहून काप, अंगापासून लांब लोटत,
कधीच आपल्याकडं ओढत नाही.
अर्ध्यावर आलीस की थांब,
हात वर सरकव, मग पुढं.
पातं बोथट झालं की बदल, पैशाकडं बघू नको.
धारेचं पातं आपलं आपण जातं,
बोथट पातं तुझ्याकडं जोर मागतं,
आणि जोर कुठं घसरेल
ते जोरालाच ठाऊक नसतं.
जुनी पाती त्या दूधपावडरच्या डब्यात.
कचऱ्यात टाकशील तर याद राख,
कचरा वेचणारीलाही बोटं दहाच.

आणि झाकण. प्रत्येक काप झाला की, टक्.
चहा आला, टक्.
फोन वाजला, टक्, मग हॅलो.

ही हिरवी मॅट बघ. एवढे वार खाल्ले,
रेघ शोधून सापडत नाही.
तिला भरून येतं, तशीच बनवली आहे म्हणे.
दिवसभर तिच्यावर हात ठेवून
आपल्यालाही वाटायला लागतं, आपण तिच्यातलेच.
आपल्यालाही भरून येतं.
पण ते वेगळं.

एवढं बोलले मी. ती हूं हूं करत राहिली,
नजर खिडकीबाहेर.
दोन-तीनदा उघडी चकती टेबलावर सापडली.
ओरडले. रडली.

परवा लाईट गेली.
गल्लीतले माग एकेक करत बसले,
इतकं शांत झालं
की सगळ्यांच्या माना वर झाल्या,
ज्याचे त्याचे हात तसेच.
हर्षाली अर्ध्या कापावर होती.
माझं जुनं बोट ठणकलं.

अंधुकात कुणी काही बोलायच्या आत
टक्.

मग तिचा आवाज आला, "काकी, बॅटरी कुठं हाय?"
मला सांगता येईना.
भाभीच म्हणाली,
"थांब गं जरा. मॅटला भरून आलंय."