बसली की गप्प

पाषाणच्या लॅबमधून गाडीच्या डिकीत घालून
आणते मी ही पट्टी, बोटभर रुंद.
नायलॉन, टेफ्लॉनचा पापुद्रा, तांब्याचा वर्ख,
डाव्या टाचेखाली बांधायची.

ढमढेरे सरांनी उलटसुलट करून पाहिली.
"सेल कुठं घालायचा?"
सेल नाही, सर. पोरगी पळाली की तीच वीज करते.
कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा
कागदाचे कपटे उचलतो ना, तसंच काहीसं.
"आणि बसली की?"
बसली की गप्प.
"मग निम्मा खो-खो गेला की तुझा!"

पर्वतीच्या पायथ्याला, साडेपाचचं मैदान,
पाणी मारलेली तांबडी माती.
रेवती खिलारे सूर मारते, खांबाला वळसा,
आणि माझ्या मोबाइलवर
उभे राहतात तिच्या टाचेचे सुळके.
"ताई, यावर फोन चार्ज होईल?"
होईल की. थांबली नाहीस तर,
तुझी बारावी होईपर्यंत.

सुळके मी मोजले. सुळक्यांचे तक्ते केले.
मधली बारीक थरथर
गोंगाट म्हणून गाळून टाकत राहिले,
तीन आठवडे.

मग एका रात्री गाळणी लावायची राहिली.
शेजारी व्हिडिओ चालू होता.
रेवती चौकात उकिडवी, पाठीमागे धावणारी,
रेघ मुंगीच्या पायांनी चाललेली
आणि खो मिळायच्या जरा आधी
एकदम सपाट.
पुन्हा पाहिलं. प्रत्येक खोच्या आधी.
हात पाठीला लागायच्या आधी,
शब्द तोंडातून सुटायच्या आधी.

विचारलं तर म्हणाली,
"मागच्या पायांचा आवाज बदलतो ना,
तेव्हा मी काहीच करत नाही."
सर म्हणाले, "वीस वर्षं घसा फोडतोय,
पळायला काय, कुत्रंही पळतं.
बसायला शिका."

मीही बसायचे इथंच, चौथ्या चौकात.
गुडघ्याचं पुढं जे झालं
ते सरांना माहीत आहे. ते विचारत नाहीत.

काल सगळ्या गेल्यावर
पट्टी स्वतःच्या टाचेला बांधली.
बसले. गुडघा कटकन बोलला.
मागं कुणी नाही,
स्वारगेटकडून येणारे हॉर्न तेवढे.
किती वेळ बसले कोण जाणे.
वॉचमन दिवे घालवायला आला,
लांबूनच ओरडला, "मॅडम, उठा आता!"
उठले. वेळ लागला.

घरी येऊन फाइल उघडली.
थरथर, थरथर, म्हातारी थरथर,
आणि त्याच्या हाकेआधी,
मातीत त्याची चप्पल वळली असेल तेव्हा,
रेघ
थांबलेली.