दुसरी प्रत

डिसेंबरात माझ्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं
पुस्तकं मागत नाहीत, माणसं सांगतात.
"सासरे आहेत. मासे पकडतात. बोलत नाहीत फारसे."
"बहीण. नुकताच घटस्फोट झालाय, पण तसलं काही नको."
"एक डॉक्टर. उपकार आहेत त्यांचे. जाडजूड दिसलं पाहिजे."
मी शिडीवर चढते, पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवते
आणि बहुतेक वेळा चुकते.
कुणी परत येऊन सांगत नाही एवढंच.
धर्माच्या गाईला दात कोण विचारणार?

वीर्वे काल्लास्तेने मला कधी सल्ला विचारला नाही.
एमायोगीवरचा पूल ओलांडून यायची,
टोपीवरचा बर्फ दारातच झटकायची,
आणि अकरा नावांची यादी गल्ल्याशेजारी ठेवायची.
अकरा पुस्तकं. प्रत्येकाच्या दोन प्रती.
"दोन कशाला गं?" पहिल्या वर्षी मी विचारलं होतं.
"एक हरवली तर असावी."
सहा कादंबऱ्या लिहिलेली बाई,
आणि थाप इतकी मिळमिळीत!

यंदा ती आली नाही.
ऑक्टोबरातच तिचा भाचा उर्मास व्हॅन घेऊन आला,
चौदा खोकी मागच्या खोलीत रचली
आणि म्हणाला, "वजनावर घ्या हवं तर."

मी वजन केलं नाही.
एकेक पुस्तक पुसायला घेतलं, किंमत घालायला म्हणून उघडलं,
तर समासात पेन्सिल, मुंगीएवढी अक्षरं:
हेल्वे इथे चहा ठेवायला उठेल.
आर्वोला ही बाई आवडणार नाही, हुबेहूब त्याची आई आहे.
यान इथे मिटून ठेवील. ठेवू दे. मार्चमध्ये पुन्हा काढेल.
आणि एका पानावर, काहीही अधोरेखित न करता,
पुरे आता, मारेट, डोळे पूस.

वर्तमानपत्रवाले दर वर्षी विचारायचे,
सध्या आपण काय वाचताय?
ती वजनदार नावं सांगायची, तेही ती छापायचे.
खरं म्हणजे ती हे वाचत होती:
नाताळाच्या रात्री, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली,
तिकडे ज्याच्या मांडीवर पहिली प्रत उघडली असेल
त्याच्या बरोबरीने, त्याच्याच चष्म्यातून,
तो अडेल तिथे अडत.
कुणी पहिलं पानही उलटलं नसेल, तरी
ती एकटीच दोघांचं वाचून काढायची.

तेराव्या खोक्यात तळाशी माझं पुस्तक निघालं.
म्हणजे, आठ वर्षांपूर्वी तिने मला दिलेल्याची जोडी.
हलवायाला पेढ्याचं काय कौतुक!
मी थँक्यू म्हटलं होतं, घरी नेलं होतं,
आणि रेडिओचा एक पाय मोडका आहे,
त्याखाली ते नेमकं बसलं होतं.

पहिल्याच पानावर: लेलो हे वाचणार नाही.
पुढे सगळं कोरं. दोनशे दहा, दोनशे अकरा, कोरं.
दोनशे बारावर, एका कोपऱ्यात:
पण वाचलंच, तर इथे हसेल.

शेजारची ओळ मी पाहिली नाही. शपथ.
अंगठ्याने झाकली आणि मिटलं.

रात्री घरी रेडिओ उचलला. हात धुतले.
माझी प्रत फुगली होती, एका कोपऱ्याला गंजाचा डाग,
पानं एकमेकांना चिकटलेली,
सोडवताना एक फाटलं, सातवं.
सरळ दोनशे बारावर जावं असं दोनदा मनात आलं.
मग तिची पेन्सिल आठवली,
तिने तिथवरचं सगळं वाचलं होतं
माझ्या वाटचं.

रेडिओ आता एका अंगाला कलला आहे,
हवामानाच्या बातम्या तिरप्या येताहेत,
उद्याही बर्फ म्हणे.
दुकान जरा उशिरा उघडेन. थांबतील सासरे, डॉक्टर, बहिणी.
पान एकोणीस.
अजून हसू आलेलं नाही.