झालं माझं

तुर्भ्याच्या मार्केटात, लसणाच्या गाळ्यापुढे
एक वजनकाटा आहे. दुपारी ओस पडल्यावर
मी चपला काढून त्यावर उभा राहिलो.
सेहेचाळीस किलो तीनशे.
शेजारी कांद्याची गोणी, पन्नास भरतीची.
हमाल म्हणाला, वैजू, तुझ्यात अजून
पावणेचार किलो कांदा मावतोय.

घणसोली गावात टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर
पाष्टे सरांची जिम. आरशाला तडा गेलाय,
त्यात माझे दोन दिसतात,
दोन्ही मिळून एक होत नाही.
पहिल्या दिवशी नुसता दांडा, वीस किलोचा,
बाजूला एक चकती नाही,
तरी छातीवर येऊन बसला
उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा.
सरांनी तो एका हाताने उचलून ठेवला.
काल रात्री काय जेवलास?
भात.
कशाबरोबर?
भातच.
उचलायला मी शिकवीन, ते म्हणाले,
गिळायचं तुझं तुला.

आता दिवसातून सहा वेळा खातो.
वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवतो,
पुढच्या पानांवर आईची लसूण निवडल्याची हजेरी आहे.
भिजवलेले शेंगदाणे मूठभर;
मूठ माझी, म्हणून दोन मुठी.
काळे डाग पडलेली केळी, जी फळवाले बाजूला टाकतात.
सोयाबीन. चव ओल्या पुठ्ठ्याची.
अंडी चार. पाचवं, पगार झाल्यावर.

वजन त्या मानाने सोपं. ते खाली ठेवता येतं.
तिसऱ्या भाकरीचा शेवटचा चतकोर
तोंडात फिरतो, नुसता फिरतो,
कानामागून घाम येतो.
पाणी पीत नाही, पाण्याने जागा जाते.
ताटाकडे बघत घास मोजतो
आठ, नऊ,
अजून एक, अजून एक.

पोटाचा दोष नाही. त्याला मीच एक वाक्य शिकवलंय.
दुसरीत होतो तेव्हा.
पळी टोपाचा तळ खरवडते तेव्हा
जो आवाज येतो,
तो यायच्या आत म्हणायचं: झालं माझं.
वर एक ढेकर द्यायची. खोटी ढेकर मला छान जमायची.
आई शेजारणीला सांगायची,
आमच्या वैजूचं ना, चिमणीचं पोट.
आणि मग खरंच झालं तसं.

आता टोप मोठा आहे. हर्षालीला महाप्यात नोकरी लागली,
डाळीत पळी उभी राहते, निदान वीस तारखेपर्यंत.
पोटाला अजून कुणी कळवलेलं नाही.

परवा पंचवीस तारीख होती.
परवाच खांद्यावर चाळीस किलो घेऊन
मी खाली बसलो आणि उठलो. पाच वेळा.
सर काही बोलले नाहीत, फक्त पंख्याचं तोंड
माझ्याकडे वळवलं.
घरी आलो तर भूक होती.
अशी, की दारातच डाळीचा वास ओळखला.
म्हटलं, अजून वाढ.
आईने पळी घातली
आणि तो आवाज आला.
होतं तेवढं माझ्या ताटात.
ती म्हणाली, झालं माझं,
आणि ढेकर दिली.

इतकी वर्षं मला वाटायचं
ती माझी युक्ती आहे.

उठलो. चार अंडी उकळत टाकली.
अकरा वाजले, ती म्हणाली, आता कुणाला?
मला कुठे तुझ्यासारखे दंड फुगवायचेत?
मी काही बोललो नाही. मीठ पुढे केलं.
लसूण सोलावी तशी ती अंडं सोलत बसली,
अंगठ्याच्या काळ्या नखाने, सालीचा एक कण राहू न देता.

त्या रात्रीची नोंद:
अंडी दोन.
खाली, तिच्या हजेरीला पाठ लागते तिथे:
आई, दीड.
अर्धं तिने वाटीखाली झाकून ठेवलं.
म्हणाली, सकाळी तुला होईल.