छातीच्या उंचीवर

नव्या कायद्यात झाडाला छाती आहे.
जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटर,
तिथं टेप गुंडाळायची, घेर वाचायचा,
मोबाइलात भरायचा, पुढच्या झाडाकडे सरकायचं.
उतारावर असेल तर चढाच्या अंगानं मोजायचं.
छातीखालीच फाटा फुटला असेल तर दोन झाडं धरायची.
आणि गाठ आली तर
गाठ टाळून, वर सरकून.

हे सगळं नाशिकला, त्र्यंबक रोडवरच्या हॉलमध्ये
दोन दिवस शिकवलं आम्हाला.
जेवणात गुलाबजाम होते.
पडद्यावर राजपत्राचं पान होतं:
तिकडे जेवढं तुटेल तेवढं इकडे उभं दिसलं पाहिजे,
टनात.

आता पेठच्या पुढं, धावडपाड्याच्या वरच्या डोंगराला
मी टेप धरते, रेवजीबाबा गेरूनं आकडे काढतात.
तीनशे सात. तीनशे आठ.
तीनशे नऊला ते थांबले. म्हातारा ऐन,
दर दोन-तीन वर्षांनी फांद्या उतरवून उतरवून
अंगभर गुठळ्या झालेला.
"ह्याच्यावर माझा राब जळलाय," म्हणाले,
"तीस वर्षं नागली खाल्ली ह्याच्या जिवावर.
बुंध्याला कधी कोयता नाय लावला."
टेप गाठीवर आली.
मी वर सरकवली.
बाबा काही बोलले नाहीत, डबा हलवून
गेरू ढवळत राहिले.

रेंज ऑफिसात कर्बाच्या कामाला खोली हवी म्हणून
जुनी दप्तरं बाहेर काढली गेल्या आठवड्यात.
वाळवीनं खाल्लेले कोपरे, उंदरांच्या लेंड्या,
सुतळीनं बांधलेली पावतीपुस्तकं.
सहज चाळलं एक.
निळा कार्बन, मधेच फिका, मधेच दाट:
झिपरी सोमा महाले, रा. धावडपाडा,
सरपण, मोळी एक, जात ऐन,
दंड रुपये अकरा.
खाली अंगठा.
कार्बनमधून उतरलेला अंगठा नव्हे, खरा,
शाईचा. रेषा मोजता येतील इतका नीट.

माझ्या खिशावरच्या पाटीवर लिहिलंय, वै. सो. महाले.
साहेब शेजारीच उभे होते.
म्हणाले, रद्दीत टाका ते सगळं, गाडी आलीय.

मी पान फाडलं नाही.
फोटो काढला फक्त,
आणि फोटो काढताना हात हलला म्हणून पुन्हा काढला.

संध्याकाळी घरी आईला दाखवला.
तिनं मोबाइल लांब धरला, मग जवळ, मग चुलीच्या उजेडात.
"वरची पावती मला दिलेली," म्हणाली.
"मग?"
"मग काय. दुसऱ्या दिवशी काड्या ओल्या होत्या,
तिच्यावरच चूल पेटवली."

मला हसू आलं. तिलाही.
सरकारजवळची नक्कल टिकली इतकी वर्षं, कपाटात, अंधारात,
कुणी न मोजता.

भाकरी उलटून झाल्यावर
ती परत म्हणाली, आता जरा तिखट आवाजात,
"पण ऐन कुठला? तो पळस होता.
वाळून खाली पडलेला पळस.
त्या गार्डाला झाड ओळखता येत नव्हतं.
लिहिलं काहीपण.
तुझ्या त्या साहेबाला सांग, ते दुरुस्त कर म्हणावं."

कुठं दुरुस्त करायचं, आई?
अकरा रुपये, ते सोड.
ते सोड असं तीच म्हणाली.
पण पळस.

आज झाड चारशे बारा.
पाच मिनिटं जास्त लागली, बाबा घाम पुसत बसले,
मोबाइल दोनदा विचारून गेला, नोंद जतन करायची का.
साल नखानं खरवडली.
पान चुरगळून वास घेतला.
खाली पडलेली वाळकी फळं तळहातावर घेऊन उलटीपालटी केली.
मग लिहिलं:
धावडा.