गार

पिंपळनेरच्या अलीकडे, पांझरेला लागून,
रात्री दोन वाजता आम्ही द्राक्षं तोडतो.
दिवसा तोडली तर क्रेटमध्येच तापतात,
टाकीपर्यंत पोचेस्तोवर रसाला
शिजल्यासारखा वास येतो.
म्हणून कपाळाला बॅटऱ्या बांधून बाया ओळींत शिरतात.
लांबून, सामोड्याच्या रस्त्यावरून पाहिलं तर वाटतं,
कुणाचं तरी काही हरवलंय
आणि अख्खं गाव वाकून शोधतंय.

माझं काम टेबलावरचं.
मणी चिमटीत फोडायचा,
थेंब काचेवर, डोळा नळीला,
आणि आकडा मोठ्यानं सांगायचा.
एकोणीस. साडेएकोणीस.
थांबलो तर एकवीसही होईल,
पण गोडी चढली की आंबटपणा उतरतो,
आणि आमच्या उन्हात तो उतरत नाही,
पळतो.

आईला सांगितलंय, रसाची फॅक्टरी आहे.
ते खोटं नाही.
ती विचारते, रसाचं मग पुढं काय करतात?
थंड करतात, मी म्हणते.
तेही खोटं नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत गारा पडल्या.
दुपारी साडेचारला, अकरा मिनिटं.
आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या.
पानांची चाळणी झाली,
खालच्या अंगाचे निम्मे घड मातीत.
बन्सीशेठ कोठावदे बांधावर उभे,
डोक्यावर रिकामा क्रेट धरून.
क्रेट वाजायचा थांबला तेव्हा म्हणाले,
राहिलेत ते आज रात्रीच काढा.
आकडा सतरा होता.
मी दोनदा पाहिला.

टाकी नंबर चार, चौदा अंशांवर, तीन आठवडे.
पत्र्याला कान लावला की
आत कुणीतरी हळूहळू तांदूळ पाखडतंय,
खडे काही संपत नाहीत.

पुण्याहून चाखणारे गृहस्थ आले.
ग्लास कलता धरला, नाक आत,
मग वहीत लिहिलं:
हिरवं सफरचंद. लिंबाची साल. ओला दगड.
आणि बादलीत थुंकले, फार सभ्यपणे.
हिरवं सफरचंद मी तोवर खाल्लं नव्हतं.
दगड माहीत होता,
पण पांझरेतला की कान नदीतला,
ते विचारायचं राहून गेलं.

धुडकाबाई टाक्या धुते.
तिच्याकडे बीकर विसळायला दिला तर
तळाचं तिनं आधी पिऊन टाकलं.
डोळे मिटले. एक खांदा उडाला.
"गारनी मायक लागस."
मला वाटलं, गार आहे म्हणतेय.
"थंडं नही व माय. गार. वरथीन पडस ती.
धाकली व्हतू तवय आंगनमा येची येची खावूत."

मी घोट घेतला. थुंकले नाही.
आधी काहीच नाही.
मग दाताच्या मुळात एक कळ,
पत्र्याचा वास, किंचित माती,
घरात ये म्हणून कुणीतरी ओरडतंय,
आणि जिभेनं नीट धरायच्या आत
ती नसतेच.

रजिस्टरात चवीच्या रकान्यात
मी तेवढाच शब्द लिहिला.
बन्सीशेठांचं बोट त्यावर थांबलं.
तीन एकर त्या एका शब्दाखाली गेले होते.
खोडतील, वाटलं.
त्यांनी खिशातलं पेन काढलं
आणि पुढं स्वतःच्या बारीक अक्षरात
लिहिलं: म्हणजे थंड.

चार नंबरची एक बाटली घरी आहे,
फ्रिजमध्ये, ताकाच्या तांब्यामागं.
बाहेर काढली की तिला घाम फुटतो.
तांब्या काढताना आई तीही बाहेर घेते,
पदरानं पुसते,
परत आत ठेवते.
काही विचारत नाही.