ताप आलाच नाही

हाल्बेरानं मोराचा कान मुठीत धरून पाहिला.
"ताप नाही," म्हणाली, जणू मीच खोटा.
थर्मामीटरही तिच्याच बाजूचं निघालं.

सप्टेंबर. कळप डोंगरावरून नुकता उतरलेला,
लोकरीला अजून ओल्या शेवाळाचा वास.
मोरा मेंढवाड्याच्या खांबाला पाठ घासतेय,
खांब गुळगुळीत झालाय, पाठ सोललेली.
कण्यावर बोटं फिरवली की ओठ हलवते,
समोर नसलेलं गवत चघळते.

आइसलंडमध्ये या रोगाचं नाव म्हणजे नुसती थरथर.
कशामुळे, ते नावात नाही.

मी सांगायला बसलो उलट्या बादलीवर:
गाठ नाही, पू नाही, ताप नाही,
कारण शरीरानं कुणाला अडवलंच नाही.
आलं ते परकं नव्हतं. तिचंच प्रथिन,
तेच मणी, त्याच क्रमानं ओवलेले,
फक्त घडी चुकलेली.
आणि घडी कोण तपासतं?

"कुंपणानं शेत खाल्लं म्हण ना."
नाही हाल्बेरा. कुंपणाला दिसलं ते शेतच.
घशातल्या गाठींत, प्लीहेत, आतड्याच्या भिंतीत
ज्या पेशी शत्रूचे तुकडे जपून ठेवतात,
पुढच्यांना ओळख पटावी म्हणून,
त्यांनी हेही जपलं. महिनोन् महिने.
तिथून मज्जातंतूची वाट धरून
ते वर गेलं.

प्रयोगशाळेत काही उंदरांना
हा पहाराच नव्हता. ते जास्त जगले.
हे मी तिला सांगायला नको होतं.

ती बराच वेळ बोलली नाही.
तिची बोटं तिच्याच जबड्याखाली गेली,
गाठी चाचपत, बहुधा नकळत.
मग म्हणाली, "बाकीच्या दोनशे अकरा?"
कायदा तिला माझ्याहून पाठ होता.

गुरुवारी ट्रक आला.
तिनं सकाळी सगळ्यांना वैरण घातली,
नेहमीइतकीच, मोजून.
फळीवर चढताना एक करडं कोकरू अडखळलं,
मी उचललं. पुढच्या पायाला
तारेचा जुना काप.
वाकून पाहिलं, सवयीनं:
कडा जुळलेल्या, खपली कोरडी, खाली गुलाबी नवी कातडी.
सुंदर भरत आली होती जखम.